पालथा हात

आमच्या गावात, ढोकीत, लोक आमची नावं लहू-अंकुश अशीच घ्यायचे. अंकुश-लहू म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. लहू माझा मावसभाऊ. आम्ही दोघं एकाच आठवड्यात जन्मलो, त्यातही मी तीन दिवस आधी, तरी माझं नाव मागं. आईची आई बारशाला म्हणाली म्हणे, "जोडीचं नाव ठिवायचं तर लहू आदी येतंय, मग अंकुश." आणि पहिलं नाव तिनं धाकट्या लेकीच्या पोराला देऊन टाकलं. आता माझी पासष्टी उलटून गेली. साठ-सत्तर वादकांपुढं उभं राहून हात हलवणं हा माझा धंदा आहे, लोक मला संगीतकार म्हणतात, शाली पांघरतात, आणि ते तीन दिवस अजून माझ्या मनातून जात नाहीत. हसायचं तर खुशाल हसा. मी कसा घडलो ते मागच्या प्रकरणांत लिहून झालंय आणि त्यात बरंच खोटं आहे, म्हणून हे प्रकरण लिहायला बसलो.

माझ्या वडिलांचा, अण्णांचा, लग्नात वाजवायचा बँड होता. आजोबा हलगी वाजवायचे. लग्न असो की मयत, बोलावणं आलं की दारात उभं राहायचं, आणि जेवायला सगळ्यांच्या पंगती उठल्यावर. अण्णांना ते लागलं होतं. त्यांनी सोलापूरहून एक जुनं क्लॅरोनेट, दोन ट्रंपेट आणि एक मोठा ढोल आणला, सोळा जणांना सोनेरी फितीचे लाल मखमली कोट शिवले आणि हलगीवाल्याचं पोरगं बँडमास्तर झालं. "कोट घातला की मानूस पंगतीत बसतो," असं ते म्हणायचे. बसायचो ते शेवटच्या पंगतीत, पण बसायचो. आमच्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत ते सोळा कोट बांबूवर टांगलेले असायचे आणि त्यांच्या खाली आम्ही झोपायचो. पावसाळ्यात लग्नं बंद, तेव्हा अंगणातल्या पत्र्याखाली रियाज चालायचा. साखर कारखान्याचा भोंगा झाला की अण्णा सगळ्यांना थांबवून मला विचारायचे, "कोन्ता सूर?" मी म्हणायचो, "काळी चार, पर जरा उतरलेला." मग ते पेटीवर बोट ठेवून बघायचे आणि मान हलवायचे. "कान हाय पोराला," एवढं म्हणायचे. पण कान बघून वरातीत कोण नाचतंय? तिथं फुंक लागते, आणि माझ्याकडं फुंक नव्हती. तीन वर्षं मी ते क्लॅरोनेट ओठाला लावलं, त्यातून उपाशी रेडकाचा आवाज निघायचा.

अशात मावशीचे मालक वारले आणि ती लहूला घेऊन उमरग्याच्या पलीकडून आमच्याकडं राहायला आली. लहू लुकडा, कानडी हेल काढून बोलणारा, रागावला तर नुसतं कानडीच बोलणारा. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं पडवीतलं क्लॅरोनेट उचललं, कसं धरायचं तेही कुणाला विचारलं नाही, आणि फुंकलं. सूर निघाला. आई तव्यावर धपाटं थापत होती, ती तशीच हात ओला घेऊन बाहेर आली. मला अजून आठवतंय ते तिचं बाहेर येणं. मी वाजवत होतो तेव्हा ती आतूनच ओरडायची, "अंकुशा, म्हस दूध चोरंल, बास कर आता."

त्यानंतर घरात जे झालं ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं नव्हतंच. क्लॅरोनेटच्या तोंडाला बसवायची वेताची पत्ती भिजवून ठेवावी लागते. लहू ती जेवतानासुद्धा गालात धरून ठेवायचा, एका गालात पत्ती आणि दुसऱ्या गालात भाकरी, आणि अण्णा कौतुकानं बघत राहायचे. मी गालात सुपारी धरली तरी पाठीत बुक्की बसायची. लग्न उरकलं की वरबाप बँडमास्तरला नारळ देतो. अण्णांची रीत अशी की तो नारळ स्वतः न ठेवता त्या दिवशी ज्यानं सगळ्यात चांगलं वाजवलं त्याच्या हातात द्यायचा. लहू आल्यापासून तो नारळ लहूचाच. आई तो फोडून त्याची चटणी करायची, आणि ती चटणी आठवडाभर भाकरीबरोबर मला खावी लागायची. चटणी चांगली व्हायची याचाच मला जास्त राग यायचा. हुलग्याच्या माडग्याबरोबर तर ती अशी लागायची की मी दोनदा मागून घ्यायचो आणि मनातल्या मनात लहूला शिव्या द्यायचो.

बँडमास्तर कसा चालतो ते आजच्या पोरांनी पाहिलेलं नाही, आता सगळं ट्रॉलीवर लादलेल्या भोंग्यांतून वाजतं. मास्तर बँडच्या पुढं चालतो, पण तोंड बँडकडं करून. म्हणजे उलटा. गटारं, कुत्री, बैलगाडीच्या दांड्या, सगळं पाठीला कळावं लागतं. अण्णांना दमा झाला तसं त्यांनी फुंकणं सोडलं आणि नुसत्या हातानं बँड चालवायला लागले. मूठ वर केली की गाणं संपवायचं. बोट फिरवलं की पुन्हा पहिल्यापासून. आणि एक खूण होती पालथ्या हाताची. तळवा जमिनीकडं करून हात सावकाश खाली आणला की सोळाच्या सोळा जणांनी असेल तिथं गप व्हायचं, सुराच्या मधेच. ढोलवाल्यानं ढोलावर पंजा ठेवून घुमारासुद्धा दाबायचा. ही खूण सुतकाच्या घरापुढची. ज्या घरात मयत झाली आहे त्याच्यापुढून वाजवत जायचं नाही. नुसते पाय वाजायचे. ते घर मागं पडलं, दहा पावलं झाली, की एकटी हलगी सुरू व्हायची आणि मग बाकीचे. "आदी हलगी, ती आपल्या बापाची हाय," अण्णा म्हणायचे.

सुतकाची घरं कोणती, हे आदल्या दिवशी गावात जाऊन विचारून यायचं काम माझं होतं. मला कान होता तसं ध्यानही होतं. कुठल्या गल्लीत कितवं दार, सगळं मी अण्णांना तोंडपाठ सांगायचो. त्या कामात मी एकदाही चुकलो नव्हतो आणि अण्णांचा त्या बाबतीत माझ्यावर पक्का भरवसा होता. नारळ मिळत नव्हता, पण एवढं होतं.

आणि आजोबांची चाल होती. आजोबांचे थोरले भाऊ सनईवर ती वाजवायचे, नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला की. अण्णा दाढी करताना ती गुणगुणायचे, अर्ध्यापर्यंत. पुढं सूर वर चढत जातो आणि मधे श्वास घ्यायला जागाच नाही, दम्यामुळं अण्णा तिथं थांबायचे आणि वस्तरा धुवायला घ्यायचे. लहानपणी मी विचारलं होतं, "अण्णा, फुडं काय?" ते म्हणाले होते, "फुडलं तुला देईन. जरा छाती भरू दे." आमच्या घरात शेतजमीन नव्हती, ती चाल होती. ती माझ्या वाट्याची आहे असं मी धरून चाललो होतो.

सतराव्या वर्षी, येडशीच्या अलीकडं एका गावात मोठ्या बागायतदाराच्या घरी लग्न होतं. त्या दिवशी सकाळीच अण्णांना दम्यानं धरलं. ते गोठ्याच्या कट्ट्यावर बसले, छाती वरखाली होत होती, आणि त्यांनी आपला मास्तरचा कोट काढून माझ्या अंगावर घातला. शिट्टी गळ्यात अडकवली. "आज हात अंकुशचा," एवढंच म्हणाले. सगळ्या बँडपुढं म्हणाले. बाह्या माझ्या बोटांवर येत होत्या, पण मी म्हणजे असा ताठ झालो की विचारू नका.

परण्या निघाला. नवरदेवाला घोड्यावर बसवून वाजतगाजत मारुतीला न्यायचं आणि तिथून मांडवात आणायचं, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. मी पुढं, उलटा चालत. पहिल्या गल्लीत सगळं छान झालं. माझं बोट फिरलं की सोळा जणं फिरत होती, आणि हे आपलं काम आहे असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. दुसऱ्या गल्लीत ध्यानात आलं की मास्तरकडं कुणी बघत नाही. बघणार कसं, त्याची पाठ असते लोकांकडं. माळवदावरच्या बाया, ओट्यावरची म्हातारी, झाडून सगळे माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत होते. लहूकडं. एका म्हातारीनं पुढं येऊन त्याच्या कानशिलावर बोटं मोडली. नवरदेवाचा मामा त्याच्यापुढं नाचत होता. लहूचे डोळे मिटलेले. आणि चौक ओलांडला तसं त्यानं गाणं बदललं, मला न विचारता, आणि आजोबांची चाल धरली.

मला आधी वाटलं, अण्णांचं दाढीचं गुणगुणणं ऐकून उचलली असेल, अर्ध्यावर थांबेल. पण सूर वर चढायला लागला. जिथं अण्णा वस्तरा धुवायला घ्यायचे ती जागा आली आणि लहू तिथून पुढं निघाला. म्हणजे अण्णांनी त्याला शिकवली होती. कधी, कुठं, मला पत्ता नाही. माझ्या घरातली चाल, माझ्या पाठीमागं, मावशीच्या पोराला देऊन टाकली होती, माझं पहिलं नाव दिलं तशी. छातीत असं भडकलं की मला समोरचं दिसेना. आणि माझा उजवा हात वर गेला, तळवा पालथा झाला, आणि सावकाश खाली आला.

सोळा जणं गप झाली. ढोलावर पंजा पडला. लहूचा सूर मधेच तुटला, त्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं. त्या गल्लीत एकाही घरात सुतक नव्हतं. आदल्या दिवशी मीच विचारून आलो होतो. कोणत्या घरापुढं हात खाली आणला ते मी पाहिलंही नव्हतं, घर माझ्या पाठीकडं होतं. ते घर नवरदेवाच्या आत्याचं होतं. आत्याचे मालक महिनाभर अंथरुणाला खिळून होते. आत्या मागं बायकांत कलश घेऊन चालत होती, आणि बँड कुठं थांबला ते तिनं बघितलं. तिच्या हातातला कलश पडला, नारळ गटाराकडं घरंगळत गेला आणि ती पदर सावरत गर्दीतून वाट काढत पळाली. तिच्या मागं बायकांनी रडायला सुरुवात केली. घोड्यावर नवरदेव तसाच, तोंडावर मुंडावळ्या. मी हात तसाच खाली धरून उभा होतो, तो वर करायचं मला सुचलंच नाही.

दार उघडंच होतं. आत खाटेवर ते मालक उशाला टेकून बशीतून चहा पीत होते. आत्या उंबऱ्यातच बसली. त्यांनी विचारलं, "बँड का थांबला?"

मग नवरदेवाचा बाप माझ्यावर आला. जित्या माणसाच्या दारात बँड गप करायचा, तेही लग्नाच्या दिवशी, हा केवढा अपशकुन ते मला सांगायला नको होतं. "कुनी सांगितलं तुला हितं मयत हाय म्हनून?" त्यांनी माझ्या, म्हणजे अण्णांच्या, कोटाची कॉलर धरली. तेवढ्यात लहू पुढं आला. "म्या सांगितलं," तो म्हणाला. "दारात चूल मांडलेली दिसली, वर पान्याचं पातेलं. म्या समजलो, आंगुळीचं पानी हाय. म्या त्याला खून केली." खरंच आत्याच्या दारात तीन दगडांवर पातेलं होतं. लग्नाला आलेल्या पाहुण्यांच्या अंघोळीसाठी तापवत होते. मयतीच्या घरी असंच दारात पाणी तापवतात, तेव्हा ते कुणालाही पटण्यासारखं होतं. नवरदेवाच्या बापानं लहूच्या मुस्काटात मारली. लहूनं ती खाल्ली.

मी ती त्याला खाऊ दिली. त्याचं हे चांगुलपण मला त्या मारापेक्षा जास्त लागलं. आता हाही मोठेपणा याच्याच वाट्याला, असं माझ्या मनात आलं. लाज नंतर आली, आधी हे आलं. जसं झालं तसं लिहितोय.

मागून अण्णा धापा टाकत आले. त्यांनी पातेल्याकडं बघितलं, लहूकडं, मग माझ्याकडं. क्लॅरोनेट वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. तो खूण कशानं करणार? हे बाकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यांच्या आलं, मला कळलं. पण ते लहूला घेऊन आत गेले आणि त्याचं डोकं खाटेवरच्या माणसाच्या पायावर टेकवलं. ते मालक म्हणाले, "मला काय झालंय? बस हितं. ऱ्हायलेलं तेवढं वाजव, अर्ध्यात तोडू न्हाय." लहू त्यांच्या उशाशी जमिनीवर बसला आणि आजोबांची चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. मुहूर्ताची वेळ जवळ आली होती, तरी परण्या उन्हात तसाच उभा राहिला. आत्या उंबऱ्यात डोळे पुसत होती. लोक सांगतात की तसं क्लॅरोनेट पुन्हा त्या भागात कुणी ऐकलं नाही. मी दारातच उभा होतो आणि आमची चाल कधी संपतेय याची वाट बघत होतो.

संध्याकाळी वरबापानं रीत म्हणून अण्णांना नारळ दिला. अण्णांनी तो माझ्या हातात ठेवला. सगळे बघत राहिले, लहूसुद्धा. "सोळा जनं एका हातानं अशी गप मला कवाच करता आली न्हाईत," अण्णा म्हणाले, आणि ट्रॅक्टरवर जाऊन बसले. तो नारळ मी घरी आणला, पण आईनं तो फोडला नाही. तिला कुणी सांगितलं कोण जाणे. कोनाड्यात पडून आतलं पाणी आटलं, हलवलं की खुळखुळायचा.

पंधरा दिवसांनी अण्णा मला ढोकीच्या स्टँडवर घेऊन आले. पुण्यात त्यांच्या ओळखीचा एक पेटीवाला नाटकांना संगीत द्यायचा, त्याच्याकडं मला पाठवायचं त्यांनी ठरवलं होतं. माझ्या मुलाखतींत तुम्ही वाचलं असेल की पोराचा कान बघून बापानं परंपरेच्या पलीकडं शिकायला धाडलं. मी तसंच सांगत आलो. खरं असं की एसटी लागली तेव्हा अण्णा म्हणाले, "तू हितं ऱ्हायलास तर त्येला वाजवू द्यायचा न्हाईस. दोगांतला एकच ठिवता येतोय मला, अंकुशा. म्या लहूला ठिवतो." मी खिडकीशी बसलो. आईनं दिलेल्या गाठोड्यात धपाटी होती आणि वर शेंगाची चटणी. नारळाची नव्हती.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. नोटेशन शिकलो, मोठ्या वाद्यवृंदात आलो, आणि आमच्या मातीतलं म्हणून जे काही लिहिलं त्यात सगळ्यात नावाजलं गेलं ते 'परण्या'. त्यात मधोमध क्लॅरोनेटवर एक चाल चढत जाते, आणि तिथं मी पालथा हात खाली आणतो. साठ जणं गप. मग दहा पावलांएवढ्या वेळानं एकटी हलगी. त्या शांततेवर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. पिढ्यान्‌पिढ्या दाबलेला आवाज आहे म्हणे त्यात. मी मान डोलावतो. काय सांगू? मला पुढची चाल येत नाही. अण्णा मला शिकवल्याशिवाय गेले, आणि माझ्यापुढं जी एकदा पुरी वाजली ती मी दारात उभा असून ऐकली नाही. जळत होतो.

गेल्या हिवाळ्यात धाराशिवला 'परण्या' झाला. लहू पहिल्या रांगेत बसला होता, त्याच्या सुनेनं आणलं होतं. बँड त्यानं पस्तीस वर्षं चालवला, मग डीजे आला आणि बँड बसला. आता त्याचे दात गेलेत, क्लॅरोनेट धरता येत नाही. कार्यक्रम संपल्यावर तो मागच्या खोलीत आला आणि खुर्चीत टेकला. आम्ही दोघं कपातला चहा बशीत ओतून पीत बसलो.

"सगळं ब्येस झालं," तो म्हणाला. "पर तितं आजून थांबतूस व्हय? खाटंवरचा त्यो मानूस तर त्याच्यावर बी धा वर्सं जगला."

मी म्हणालो, "लहू, मला पुढलं येत नाही."

त्यानं माझ्याकडं बघितलं, अगदी त्या दिवशी डोळे उघडून बघितलं होतं तसं. "आरं, दारात तर हुबा व्हतास."

"ऐकलं नाही मी."

त्यानं बशी खाली ठेवली, माझ्या गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला आणि बोळक्या तोंडानं गुणगुणायला लागला. अण्णा थांबायचे ती जागा आली, गेली. दात नाहीत, श्वास अपुरा, तरी सूर जिथं जायचा तिथं बिनचूक जात होता. माझ्या छातीत तेच भडकलं, सतराव्या वर्षीचं, जसंच्या तसं. मी उजवा हात खिशात घातला आणि चाल संपेपर्यंत बाहेर काढला नाही.